इफेक्ट पेडलला अडॅप्टर जॅक बसवणे

केवळ बॅटरीवर चालणाऱ्या गिटार इफेक्ट पेडलला (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या डबीला) बाहेरून वीज देता यावी म्हणून त्याच्या डबीत डीसी जॅक बसवण्याचे काम. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या बऱ्याच पेडलांना असा जॅक नव्हताच. १९६६ मध्ये आलेले फझ फेस आणि १९७४ मधले एमएक्सआर कंपनीचे फेज ९० ही त्यांतली सर्वांत परिचित नावे. वादकाच्या पायाशी एखाद-दुसरेच पेडल असे तोवर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरत होती. पेडलबोर्डावर सात-आठ पेडले आली, की अशा एका पेडलासाठी वेगळी बॅटरी सांभाळत बसणे त्रासाचे होते.

आज प्रचलित असलेल्या प्लगचा बाहेरचा व्यास ५.५ मिमी आणि आतल्या छिद्राचा २.१ मिमी असतो. इतर बहुतेक उपकरणांत मधली पिन धन असते. गिटार पेडलांत मात्र ती ऋण आणि बाहेरची नळी धन. ही मांडणी उलटी वाटली तरी तिला कारण आहे. जॅकच्या आत एक छोटा स्विच असतो आणि तो नळीच्या बाजूला असतो. प्लग नसताना त्याची पत्ती नळीच्या संपर्काला टेकलेली असते. प्लग आत जाताच ती सुटते. बॅटरीची लाल वायर या पत्तीच्या टोकाला जोडली, तर अडॅप्टर लावताक्षणी बॅटरी आपोआप बाजूला होते. ऋण बाजूची तोडजोड इनपुट जॅक आधीच करत असतो : तो स्टीरिओ जातीचा असतो, बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या रिंगला जोडलेली असते आणि गिटारची मोनो केबल खोचली की ती ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक तारेला, मिळते. केबल काढून ठेवल्यावर बॅटरी खर्च होत नाही, ती यामुळेच.

जोडणी तीन टोकांची आहे. मधल्या पिनेचे टोक ग्राउंडला, नळीचे टोक सर्किटच्या धन बाजूला आणि स्विचच्या टोकाला बॅटरीची लाल वायर. स्विचचे टोक वगळून लाल वायर थेट नळीला जोडली, तर अडॅप्टरचा प्रवाह बॅटरीत शिरतो. अल्कलाइन बॅटरी चार्ज होण्यासाठी बनलेली नसते. ती तापते, गळते आणि आतला पत्रा खाते.

खरी गोम जॅकच्या अंगात आहे. पेडलची डबी धातूची आणि ग्राउंडला जोडलेली असते. धातूच्या अंगाचा जॅक तिच्यात नटाने आवळला, की धन असलेली नळी थेट डबीला टेकते आणि अडॅप्टर शॉर्ट होतो. म्हणून जॅक प्लास्टिकच्या अंगाचाच घ्यावा. वीज देण्यापूर्वी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून नळीचे टोक आणि डबी यांच्यात तो वाजत नाही ना, हे पाहावेच. अर्ध्या मिनिटाचे हे काम कोणीही टाळू नये.

पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या जुन्या फझचा (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलाचा) प्रश्न वेगळा आहे. त्यांत ग्राउंडला बॅटरीची धन बाजू असते. असे पेडल इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरच्या साखळीवर लावले, की पॅच केबलच्या जाळीतून दोघांचे ग्राउंड जुळतात आणि धन-ऋण एकमेकांना भिडतात. अशा पेडलाला पॉवर सप्लायचा स्वतंत्र, आयसोलेटेड (बाकीच्यांशी ग्राउंड न जुळणारा) आउटपुट द्यावा, नाहीतर आत मॅक्स १०४४ सारखी व्होल्टेज उलटवणारी चिप बसवावी. या चिपची फ्रीक्वेन्सी वाढवून घेतली नाही, तर तिची बारीक शिटी ध्वनीत उतरते.

उलटा अडॅप्टर लागण्याचा धोका नव्या जॅकबरोबर येतोच. धन वायरमध्ये १एन५८१७ हा प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा शॉटकी डायोड घातला, तर ०.३ व्होल्टच्या आसपास घट सोसून सर्किट वाचते. गुणगुण येत असेल तर धन वायरमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. साधारण १६ हर्ट्झच्या वरचा खळखळाट त्यात गाळला जातो. अडॅप्टरची मिलिअँपिअर क्षमता जास्त असली तरी बिघडत नाही, पेडल हवा तेवढाच प्रवाह घेते. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत, कारण जुन्या पेडलांतले कपॅसिटर कित्येकदा १६ व्होल्टचेच असतात.

जॅकसाठी डबीला भोक पाडण्याआधी आतला सर्किट बोर्ड बाहेर काढावा. ॲल्युमिनिअमचा एक किसही बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकला तर शॉर्ट होतो. जॅकची आतली लांबी फूटस्विच आणि बॅटरीला अडत नाही ना, हे आधी मोजून घ्यावे.

मूळ रूपात टिकलेल्या जुन्या पेडलाला भोक पाडू नये, ते पुन्हा बुजत नाही आणि संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत उतरते. त्याऐवजी बॅटरीच्या क्लिपला डीसी सॉकेट जोडून केलेली छोटी वायर बॅटरीच्या जागी लावता येते. इथे क्लिपच बॅटरीची भूमिका करते, म्हणून तिचे रंग उलटतात : लाल वायर मधल्या पिनेला, काळी नळीला.