500 चौरस फुटांचा प्रेस बॉक्स

अमेरिकेतल्या शाळांच्या (अमेरिकन) फुटबॉल मैदानांवर पूर्वी प्रेस बॉक्स, म्हणजे बातमीदार आणि निवेदकांची जागा, ही प्रेक्षक-गॅलरीच्या माथ्यावरची लाकडी खोली आणि तिथवर नेणारा अरुंद जिना. खरा गुंता सुरू झाला 1990 च्या अपंग हक्क कायद्यानंतर.

त्या कायद्याखालच्या 1991 च्या पहिल्या बांधकाम मानकांत छोट्या प्रेस बॉक्सला वेगळी सूट नव्हती. लिफ्टचा खर्च झेपत नाही, ही शाळांची जुनी तक्रार. 2010 च्या सुधारित मानकांनी (नव्या बांधकामाला 15 मार्च 2012 पासून बंधनकारक) ती ऐकली. प्रेस बॉक्स असलेल्या गॅलरीची प्रवेशद्वारं एकाच पातळीवर असतील आणि सगळ्या बॉक्सचं एकत्रित क्षेत्रफळ 500 चौरस फुटांच्या आत असेल, तर व्हीलचेअरची वाट सक्तीची नाही. स्वतंत्र खांबांवरचा बॉक्स असेल, तर सूट मिळण्यासाठी तो जमिनीपासून किमान 12 फूट उंच हवा.

वाद 'एकत्रित' या शब्दावर. यजमानांकडे 300 आणि पाहुण्यांकडे 300 चौरस फूट बांधले, की बेरीज 600 आणि सूट गेली. छतावरचा चित्रीकरणाचा कट्टा या बेरजेत धरायचा का, यावर नकाशा मंजूर करताना हमखास खल होतो. सूट गेली तर लिफ्ट, नाहीतर रॅम्प. 12 फुटांच्या चढाला 1:12 उताराने 144 फूट रॅम्प लागतो. एका टप्प्यात 30 इंचांहून जास्त चढ चालत नाही, म्हणजे पाच टप्पे आणि मधे चार सपाट थांबे. त्यापेक्षा 40 बाय 12 ची, 480 चौरस फुटांची खोली स्वस्त पडते. सूट मात्र फक्त वाटेपुरती आहे. सरकारी शाळेची अपंगांना सामावून घेण्याची जबाबदारी तिने संपत नाही. हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

त्या 480 फुटांत घड्याळ चालवणारा, निवेदक, दोन्ही संघांचे सहायक प्रशिक्षक आणि रेडिओवाले आधी बसतात. उरलेला बातमीदार वही घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहतो. दोन्ही 25 यार्ड रेषांच्या मधली जागा संघांची, त्यामुळे त्याला टोकांकडे सरकावं लागतं, कडेच्या रेषेपासून किमान 2 यार्ड मागे. धोका असतो तो मान खाली घालून आकडे लिहिताना, कारण खेळाडू वेगात रेषेबाहेर येतात.

ऑक्टोबर 2010 मध्ये इंडियानातल्या एका विद्यापीठात सरावाचं चित्रीकरण करणारा विद्यार्थी ताशी 50 मैलांहून जोराच्या वाऱ्यात सीझर लिफ्ट (कात्रीसारख्या सांध्यांवर वर जाणारा फिरता मंच) उलटून मरण पावला. उघड्यावर अशा लिफ्टची नेहमीची मर्यादा ताशी 28 मैल. त्यानंतर उंचावरून चित्रण करणाऱ्यांचा विचार गांभीर्याने होऊ लागला. बॉक्समधल्यांचा अजून तितका नाही. गडगडाट ऐकू आला की सामना थांबतो, शेवटच्या गडगडाटापासून 30 मिनिटं मोजतात आणि पुन्हा ऐकू आला की मोजणी पहिल्यापासून. खेळाडू इमारतीत जातात. बॉक्समधले लोक वर छप्पर आहे म्हणून बसून राहतात, पण वायरिंग आणि नळजोडणी असलेली पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली गाडी हाच खरा आसरा; धातूच्या गॅलरीवरची खोली त्यात मोडत नाही.

सामन्यामागे पैसे घेणाऱ्या मुक्त बातमीदाराला दुखापत झाली, तर कामगार भरपाई सहसा मिळत नाही, कारण कागदोपत्री तो कुणाचाच कर्मचारी नसतो.