शिरेत शिरलेली गाठ

सीटी स्कॅनमध्ये डायने भरलेली शीर पांढरीशुभ्र दिसते. किडनीच्या कॅन्सरमध्ये कधीकधी त्या पांढऱ्यात करडा डाग असतो आणि शीरही नेहमीपेक्षा फुगलेली असते. रेडिओलॉजिस्टची नजर तिथे अडते.

या कॅन्सरची एक खोड आहे. तो शिरेत शिरतो आणि रक्त वाहतं त्याच दिशेने बोटासारखा आत वाढत जातो. आधी किडनीची शीर, मग पोटातली मुख्य शीर म्हणजे इन्फिरियर व्हेना केव्हा, मग यकृतामागून वर, क्वचित थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात. शंभरातल्या साधारण ४ ते १० रुग्णांत तो मुख्य शिरेपर्यंत पोचतो. उजव्या किडनीची शीर आखूड, त्यामुळे तिकडच्या गाठीला ही वाट जवळची. डावीकडची शीर लांब, पण डाव्या वृषणाकडून येणारी शीर तिलाच मिळते. पुढे वाट अडली की मागे तुंबतं. उतारवयात डाव्या वृषणाभोवती अचानक शिरा फुगल्या आणि आडवं झाल्यावरही ओसरल्या नाहीत, की डॉक्टर किडनीची सोनोग्राफी सांगतात, ती यासाठी.

मात्र करडा डाग म्हणजे कॅन्सरच, असं नव्हे. ती साधी रक्ताची गुठळीही असू शकते. गाठीला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे डाय पोचला की ती उजळते; गुठळी तशीच मंद राहते. पंचाईत अशी, की दोन्ही एकाच शिरेत सापडतात: वर गाठ, खाली तिच्यामुळे गोठलेलं रक्त.

तिसरी शक्यता मला सगळ्यात गमतीची वाटते: डाग मुळात नसतोच. हाताच्या शिरेतून दिलेला डाय किडनीतून झटपट परततो, पायांकडून येणारं रक्त मात्र अजून कोरंच असतं. मुख्य शिरेत दोन्ही भेटतात, पण लगेच मिसळत नाहीत; न ढवळलेल्या चहातल्या दुधासारखे पट्टे दिसतात. घाईने फोटो काढला, तर तिथे नसलेली गाठ दिसेल. म्हणून साधारण दीड मिनिटाने पुन्हा फोटो घेतात. तोवर रक्त एकजीव झालेलं असतं. तरीही शंका राहिली तर एमआरआय. गाठ शिरेच्या भिंतीत रुतली आहे का, याचा अंदाजही त्यातून चांगला येतो.

सर्जनला गाठीचं वरचं टोक नेमकं कुठे आहे, ते हवं असतं. ते यकृताच्या खाली असेल तर बेत वेगळा. हृदयात असेल तर हार्ट सर्जन आणि हार्ट-लंग मशीन लागू शकतं. टोक पुढे सरकत असतं, म्हणून महिन्याभरापूर्वीच्या स्कॅनवर विसंबत नाहीत. गाठ फार वर गेलेली असेल, तर ऑपरेशन चालू असतानाही अन्ननलिकेत सोडलेल्या सोनोग्राफीच्या प्रोबने तिच्यावर नजर ठेवतात.