कोरड्या पशुखाद्यातला साल्मोनेला

१९७२ साली अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या पॅरागोल्ड गावी एका उपाहारगृहात जेवलेले लोक आजारी पडले. जुलाबामागे होता ‘साल्मोनेला अगोना’ हा जीवाणू. त्याचा माग काढत तपास मिसिसिपीतल्या पोल्ट्री फार्मवर गेला आणि तिथून कोंबड्यांच्या खाद्यातल्या फिशमीलपर्यंत, म्हणजे माशांच्या सुकवलेल्या भुकटीपर्यंत. हे फिशमील आलं होतं पेरू देशातून. त्याच सुमारास ब्रिटन, नेदरलँड्स आणि इस्रायलमध्येही हा जीवाणू माणसांत वाढत होता.

सुकवलेल्या भुकटीत जीवाणू जगतो कसा? सुकवल्याने साल्मोनेलाची वाढ थांबते, तो मरत मात्र नाही. फिशमील असो की सोयाबीनची पेंड, तो महिनोन्महिने तग धरतो. शिवाय कोरड्या अवस्थेत तो उष्णतेलाही जास्त दाद देत नाही. म्हणून गोळी खाद्य बनवताना मिश्रणात वाफ सोडतात. ओलसर उष्णतेने बहुतेक जीवाणू मरतात.

खरा घात त्यानंतर होतो, आणि माझ्या मते तिकडेच सर्वाधिक लक्ष हवं. गरम गोळ्या त्यांना थंड करणाऱ्या यंत्रात, म्हणजे कूलरमध्ये येतात. त्यांच्यातून निघालेली वाफ थंड पत्र्यावर जमते, त्या ओलीवर खाद्याची धूळ चिकटते आणि तिचा थर बसतो. पाणी, ऊब, अन्न, तिन्ही हाताशी! इथे साल्मोनेला वाढतो आणि थराचे तुकडे शुद्ध झालेल्या गोळ्यांवर पडत राहतात.

पोत्यातला नमुना तपासून हे सहसा कळत नाही. जीवाणू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, कुठेतरी गठ्ठ्याने असतात. कित्येक टन मालातून घेतलेल्या २५ ग्रॅममध्ये ते सापडले नाहीत, एवढ्यावरून माल निर्धोक ठरत नाही. कूलरमधली आणि एलेव्हेटरच्या (माल वर चढवणाऱ्या यंत्राच्या) तळाची धूळ तपासली तर कारखान्याची स्थिती लवकर कळते. स्वीडनमध्ये १९५३ साली आल्वेस्ता इथल्या कत्तलखान्यातल्या मांसामुळे सुमारे ९,००० लोक आजारी पडले, ९० जण दगावले. पुढे त्या देशाने साल्मोनेलावर कडक नियंत्रण आणलं आणि खाद्य कारखान्यांतही जागोजागी धुळीचे असे नमुने घेणं सुरू केलं.

संसर्ग झालेली कोंबडी पुष्कळदा धडधाकट दिसते, पण विष्ठेतून जीवाणू सोडत राहते. मांस आणि अंड्यांतून तो माणसापर्यंत येतो. ताप, पोटात कळा, जुलाब. बहुतेकांना आठवडाभरात बरं वाटतं. तान्ही मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या मात्र तो रक्तात शिरू शकतो, आणि त्यावर प्रतिजैविकं चालेनाशी झाली असतील तर उपचार अवघड होतात. खाद्य हाताळणाऱ्यालाही थेट लागण होऊ शकते. त्यामुळे खाद्य घातल्यावर साबणाने हात धुवावेत आणि ओल लागून गठ्ठे झालेलं खाद्य जनावरांपुढे टाकू नये.