५६ केबीपीएसवर गाडी अडली कुठे?

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. घरगुती ग्राहकाला वर्षाचे ५,००० रुपये भरून २५० तास मिळायचे, वेग ९.६ केबीपीएस (म्हणजे सेकंदाला ९,६०० बिट, शून्य किंवा एक), आणि फोनचं बिल वेगळं. हिशेब मांडून बघा: हे सगळे २५० तास एक सेकंदही वाया न घालवता पूर्ण वेगाने वापरले, तरी वर्षभरात जेमतेम एक जीबी उतरला असता. आज मोबाइलच्या साध्या पॅकमध्ये रोजचा दीड जीबी येतो आणि तो रात्री जेवणाआधी संपला म्हणून घरात कुरकुर होते.

वेग वाढला हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. पण तो इतकी वर्षं का अडून होता, याचं जे उत्तर सर्रास दिलं जातं ते अर्धवट आहे. ‘तांब्याची तार होती, आता फायबर आलं’ असं म्हणतात. तारेचा दोष होताच, पण मुख्य अडचण तार नव्हती.

टेलिफोनचं जाळं माणसाच्या बोलण्यासाठी उभारलेलं. बोलणं कळायला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढा पट्टा पुरतो, म्हणून एक्स्चेंजमध्ये त्यापलीकडचं सगळं छाटून टाकत. मोडेमचं काम काय, तर संगणकाचे शून्य-एक या चिंचोळ्या पट्ट्यात मावतील अशा आवाजात बदलायचे. कनेक्ट होताना जी किरकिर ऐकू यायची ती दोन मोडेमची बोलणी होती. सुरुवातीला पलीकडून येणारी २,१०० हर्ट्‌झची लांब शिटी तर थेट टेलिफोन यंत्रणेसाठी असायची: लाइनवर माणूस नाही, तुमची प्रतिध्वनी दाबणारी साधनं बंद करा. मग दोघं मिळून लाइनवर खरखर किती आहे ते तपासत आणि जमेल तो वेग ठरवत. संगणकाच्या कोपऱ्यात ‘४५,३३३ बीपीएस’ असा आकडा दिसला की त्या दिवशी लाइन चांगली म्हणायची.

१९६२च्या ‘बेल १०३’ मोडेमचा वेग होता सेकंदाला ३०० बिट. पुढे अभियंत्यांनी त्याच पट्ट्यातून १४.४, २८.८, ३३.६ केबीपीएस असं पिळून काढलं. १९९८ साली व्ही.९० हे मानक आलं आणि ५६ वर गाडी थांबली. कारण एक्स्चेंज डिजिटल झाल्यावर आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एका कॉलच्या वाट्याला एकूण ६४ केबीपीएस. प्रत्येक नमुन्यातले ७ बिटच भरवशाचे धरले की ५६. तेही फक्त उतरवताना. वर पाठवायला जुनेच ३३.६.

खरी गंमत पुढे आहे. बीएसएनएलने २००५ मध्ये ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली तेव्हा घरात नवी तार आली नाही. डीपीतून (गल्लीतल्या टेलिफोनच्या खोक्यातून) येणारी तीच तांब्याच्या तारांची जोडी राहिली. फोनजवळ बोलणं आणि डेटा वेगळे करणारा एक छोटा स्प्लिटर लागला आणि एक्स्चेंजमध्ये तारेवरचा डेटा वेगळा उचलणारं ‘डीस्लॅम’ हे यंत्र बसलं. बोलणं ४ किलोहर्ट्‌झच्या खाली राहिलं, डेटा साधारण २५ किलोहर्ट्‌झच्या वरून १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंत धावू लागला. आवाजासाठी केलेली छाटणी त्याच्या वाटेत उरलीच नाही. ज्या तारेवर ५६ च्या पुढे जाता येत नव्हतं तिच्यावर २ एमबीपीएस (२,००० केबीपीएस) मिळू लागले, आणि एक्स्चेंज जवळ असेल तर त्याहून कितीतरी जास्त. शिवाय नेट चालू असताना फोन एंगेज लागेना. आतल्या खोलीतून कुणी रिसीव्हर उचलला की कनेक्शन तुटायचं, तेही थांबलं. माझ्या मते घरोघरी खरा फरक इथे पडला, फायबर नंतर आलं.

तांब्याला मर्यादा होतीच. वरच्या लहरी अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात, त्यामुळे एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या घराला वेग कमीच मिळे. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की तोही जाई. फायबरमध्ये प्रकाश धावतो, तिथे ही कटकट नाही. आजचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन व्ही.९०च्या सुमारे १,८०० पट आहे. ७०० एमबीची एक सीडी ५६ केबीपीएसने उतरवायला जवळपास २८ तास लागले असते, आता मिनिटभरात काम होतं. (डाउनलोडच्या खिडकीत १०० ऐवजी १२ दिसतात म्हणून कंपनीशी भांडू नका, तिथे बाइट्स असतात, आठाने गुणा.)

सरकारी व्याख्या मात्र सावकाश सरकली. २००४च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं. २०१३ साली ते ५१२ झालं आणि २ एमबीपीएसची अट लागू व्हायला २०२३ उजाडलं.