गव्हर्नर आणि सेनाधिकारी यांच्यातील युद्धकालीन तारव्यवहार (अमेरिकन यादवी युद्ध)

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) घटक राज्यांचे गव्हर्नर आणि रणांगणावरील किंवा विभागीय ठाण्यांवरील सेनाधिकारी यांच्यात विद्युत तारायंत्राने झालेला संदेशव्यवहार. सैन्यभरती, शत्रूच्या हालचालींची खबर, रेल्वेने होणारी सैन्याची ने-आण आणि राज्याच्या सीमेचे रक्षण हे त्याचे मुख्य विषय होते. सगळ्याच उत्तरी राज्यांत असा व्यवहार चालला, परंतु त्याचे सर्वांत ठळक उदाहरण पेनसिल्व्हेनियाचे आहे. संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या सैन्याने ज्या उत्तरी राज्यात सर्वांत मोठी धडक मारली ते हेच राज्य, म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

अमेरिकेतील गव्हर्नर हा भारतातील राज्यपालासारखा केंद्राने नेमलेला पदाधिकारी नसून जनतेने निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो, हे येथे आधी ध्यानात घ्यावे लागते. राज्याच्या नागरी सेनेचा, म्हणजे मिलिशियाचा, तो प्रमुख असतो. यादवी युद्धात स्वयंसेवकांच्या पलटणी राज्यांनीच उभारल्या आणि त्यांच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुकाही बहुतांशी गव्हर्नरांनीच केल्या. मात्र पलटण एकदा संघराज्याच्या सेवेत दाखल झाली की तिच्यावर गव्हर्नरचा हुकूम चालत नसे. ज्या सैनिकांना त्याने भरती केले, ज्यांच्या घरच्या माणसांनी त्याला निवडून दिले, त्यांच्या सेनापतीला त्याने काय आणि किती सांगावे, हा प्रश्न कायद्याने कधीच नीट सुटला नाही. सेनेच्या हुकूमशृंखलेत गव्हर्नरला स्थान नव्हते, तारेच्या जाळ्यात मात्र तो ऐन मध्यावर होता. या व्यवहाराचे सारे स्वरूप याच विसंगतीतून घडले.

युद्धाची सुरुवातच तारांनी झाली. १५ एप्रिल १८६१ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ७५,००० मिलिशियाची मागणी जाहीर केली आणि युद्धखात्याने प्रत्येक राज्याचा वाटा गव्हर्नरांना तारेने कळवला. केंटकीचे गव्हर्नर बेराया मॅगॉफिन यांनी दक्षिणी भगिनी-राज्यांना दडपण्याच्या दुष्ट हेतूसाठी केंटकी एकही सैनिक देणार नाही, असे उलट तारेने बजावले. नॉर्थ कॅरोलायनाच्या जॉन एलिस यांचे उत्तरही नकाराचेच होते. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर अँड्र्यू कर्टिन यांनी मात्र तत्काळ भरती सुरू केली. राजधानी हॅरिसबर्ग येथे उघडलेल्या छावणीला त्यांचेच नाव मिळाले आणि युद्ध संपेपर्यंत तिच्यातून तीन लाखांच्या आसपास सैनिक गेले. त्याच एप्रिल महिन्यात राज्य विधानभवनातील गव्हर्नरच्या कक्षात तारायंत्र बसवले गेले. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा तरुण तारमास्तर विल्यम बेंडर विल्सन याने खिडकीच्या कट्ट्यावर रिले (आलेला संदेश टिपणारे उपकरण) आणि कळ (संदेश पाठवण्याची) मांडून तेथूनच काम सुरू केले. आपल्याकडे घरी तार आली की उघडण्याआधीच काळजाचा ठोका चुकत असे. त्या कक्षात तशा तारा दिवसरात्र येत होत्या.

यंत्रणा. लष्करी तारायंत्राचा विभाग १८६१ मध्ये आकाराला आला आणि वेस्टर्न युनियन कंपनीचे अँसन स्टेगर हे त्याचे प्रमुख झाले. तारमास्तर मात्र सैनिक नव्हते. गणवेश, हुद्दा आणि निवृत्तिवेतन यांपैकी काहीच नसलेले ते पगारी नागरिक होते, आणि त्यांतले कितीतरी जण विशीच्या आतबाहेरचे होते. जानेवारी १८६२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, रेल्वे व तारमार्ग ताब्यात घेण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी पुढच्याच महिन्यात त्याचा वापर केला आणि मुख्य तारघर आपल्या कचेरीला लागून आणले. त्यानंतर गव्हर्नर आणि सेनापती यांच्यातल्या महत्त्वाच्या मजकुराची माहिती बहुधा वॉशिंग्टनलाही असे, कारण लिंकन स्वतः त्या तारघरात येऊन आलेल्या तारांचा गठ्ठा वाचत बसत.

उत्तरेच्या सैन्याची प्रसिद्ध संकेतलिपी मुळात गव्हर्नरांच्या गरजेतून जन्मली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. युद्धाच्या आरंभी ओहायोचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांना इंडियाना आणि इलिनॉय येथील गव्हर्नरांशी गुप्तपणे बोलता यावे म्हणून स्टेगर यांनी ती तयार केली. ओहायोच्या स्वयंसेवकांचे सेनापती झालेले जॉर्ज मॅक्लेलन यांनी ती पुढे रणांगणासाठी मागून घेतली. तिची युक्ती अक्षरे बदलण्याची नसून शब्दांचा क्रम मोडण्याची होती. समजा, मजकूर असा आहे : ‘शत्रू नदी ओलांडून आला आहे पूल तातडीने जाळून टाका’. हे नऊ शब्द तीन-तीनच्या तीन ओळींत मांडायचे, मग पहिला स्तंभ खालून वर, दुसरा वरून खाली आणि तिसरा पुन्हा खालून वर वाचायचा. तारेवर जाणारा मजकूर होतो : ‘तातडीने आला शत्रू नदी आहे जाळून टाका पूल ओलांडून’. यात स्तंभांच्या टोकांना निरर्थक शब्द घालत, व्यक्तींची आणि गावांची नावे ठरावीक सांकेतिक शब्दांनी बदलत, आणि किती ओळी व कोणता मार्ग हे पहिल्या शब्दावरून कळत असे. शब्द अखंड राहत असल्यामुळे थकलेल्या तारमास्तराच्या हातूनही चुका कमी होत. किल्ली केवळ तारमास्तरांपाशी असे. १८६४ च्या सुरुवातीला उत्तरेचे सेनापती युलिसिस ग्रँट यांनी आपल्या तारमास्तराला ती एका लष्करी अधिकाऱ्याकडे द्यायला लावली, तेव्हा वरिष्ठांचा रोष त्या तारमास्तरावर ओढवला आणि ग्रँट यांना मध्ये पडावे लागले.

सप्टेंबर १८६२. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांचे सैन्य पोटोमॅक नदी ओलांडून मेरिलंडमध्ये आले तेव्हा कर्टिन यांनी ५०,००० मिलिशियाला पाचारण केले आणि वॉशिंग्टनकडे ८०,००० कसलेल्या सैनिकांची मागणी केली. लिंकन यांनी १२ सप्टेंबरला दिलेले उत्तर या साऱ्या व्यवहारातील सर्वांत संयमी आणि स्पष्ट तारांपैकी एक आहे. पर्वतरांगेच्या अलीकडे कसलेले म्हणावेत असे सैनिकच ८०,००० हून अधिक नाहीत, आणि त्यांतले बहुतेक शत्रूच्या पिछाडीला पोहोचले आहेत, असे त्यांनी कळवले. त्यांतले अर्धे हॅरिसबर्गला धाडले तर शत्रू वळून उरलेल्या अर्ध्यांना झोडपेल आणि मग हॅरिसबर्गला निघालेल्यांचाही समाचार घेईल, असा त्यांचा हिशेब होता. शत्रूच्या पाठीवर शक्य तेवढे मोठे बळ लावणे हेच पेनसिल्व्हेनियाचे खरे संरक्षण, असे त्यांचे म्हणणे होते.

कर्टिन यांची दुसरी मागणी मात्र मान्य झाली. मिलिशिया हाताळण्यासाठी मूळचे पेनसिल्व्हेनियाचे सेनापती जॉन रेनल्ड्स यांना हॅरिसबर्गला पाठवण्यात आले. त्यांचे वरिष्ठ जोसेफ हुकर खवळले. एका भेदरलेल्या गव्हर्नरपायी अख्ख्या डिव्हिजनची (अनेक पलटणींच्या मोठ्या तुकडीची) उपयुक्तता मातीमोल होऊ देऊ नये, अशा आशयाचा निषेध त्यांनी लेखी नोंदवला. हुकर यांचा त्रागा समजण्याजोगा आहे, पण कर्टिन यांना केवळ भेदरट ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे प्रशिक्षण नसलेल्या शेतकऱ्यांचे आणि दुकानदारांचे जथे उभे होते आणि त्यांना रांगेत उभे करणारा अनुभवी अधिकारी नव्हता. रेनल्ड्स यांच्या गैरहजेरीत १७ सप्टेंबरच्या अँटिएटमच्या लढाईत त्यांची डिव्हिजन जॉर्ज मीड यांनी चालवली.

जून १८६३. पुढच्या उन्हाळ्यात धोका अधिक मोठा होता. ९ जूनला सस्क्वेहॅना हा नवा लष्करी विभाग निर्माण झाला आणि डॅरियस कौच त्याचे प्रमुख म्हणून हॅरिसबर्गला आले. गव्हर्नर आणि सेनापती आता एकाच गावात होते, त्यामुळे दोघांच्या तारा एकाच तारघरातून, कित्येकदा एकाच खबरीवरून, सुटू लागल्या. १५ जूनला लिंकन यांनी एक लाख मिलिशिया मागवली. त्यात पेनसिल्व्हेनियाचा वाटा ५०,००० चा, ओहायोचा ३०,००० चा, तर मेरिलंड व वेस्ट व्हर्जिनियाचा प्रत्येकी १०,००० चा होता. मुदत सहा महिन्यांची होती आणि येथेच घोडे अडले. घर वाचवायला धावून आलेली माणसे संकट टळेपर्यंत लढायला राजी होती, सहा महिने बांधून घ्यायला नव्हती. संघराज्याच्या सेवेत सैनिक नेमके किती काळासाठी घ्यायचे यावर हॅरिसबर्ग आणि वॉशिंग्टन यांच्यात तारांची देवाणघेवाण होत राहिली, आणि तिकडे लीच्या तुकड्या गावे गाठत होत्या. न्यूयॉर्कच्या मिलिशियाच्या पलटणी तोवर पेनसिल्व्हेनियाच्या मदतीला येऊन पोहोचल्या होत्या. २६ जूनला कर्टिन यांनी स्वतःच्या अधिकारात आणखी ६०,००० जणांना हाक दिली. २८ जूनच्या रात्री राइट्सव्हिल येथील सस्क्वेहॅना नदीवरचा मैलभर लांबीचा लाकडी पूल मिलिशियाने पेटवून दिला आणि शत्रूची वाट तेथे बंद झाली.

यानंतरच्या दोन दिवसांत या व्यवहाराचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही एकदम दिसतात. ३० जूनला लष्करी रेल्वेचे प्रमुख हर्मन हौप्ट हॅरिसबर्गला पोहोचले. गव्हर्नरांभोवती जमलेल्यांकडे खबर होती की शत्रू पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल गावाकडून मागे फिरला आहे, आणि काहींना तो टळलेल्या संकटाचा शुभशकुन वाटत होता. हौप्ट यांनी त्याच खबरींवरून वेगळा अर्थ काढला. ली पळत नसून उत्तरेच्या मुख्य सैन्याचे नवे सेनापती झालेले मीड यांच्यावर तुटून पडण्यासाठी विखुरलेले सैन्य एकवटत आहेत, असे त्यांनी त्या रात्रीच सरसेनापती हेन्री हॅलेक यांना तारेने कळवले. पण मीड यांच्या तळापर्यंत तार पोहोचत नव्हती. तारांचे खांब जेथे संपत तेथून पुढे कागद घोडेस्वाराच्या खिशात जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटिसबर्ग येथे लढाईला तोंड लागले आणि त्यात रेनल्ड्स ठार झाले.

गव्हर्नरांचा दबाव एका राज्यापुरता नव्हता. न्यू जर्सीचे जोएल पार्कर यांनी जूनच्या अखेरीस मॅक्लेलन यांना पुन्हा सेनापती करावे अशी मागणी तारेने केली. शत्रूचे सैन्य पेनसिल्व्हेनियात असणे ही युद्धारंभापासूनची सर्वांत चांगली संधी आहे, असे लिंकन यांनी त्यांना ३० जूनला उलट कळवले. जुलैमध्ये दक्षिणेचे सेनानी जॉन हंट मॉर्गन यांच्या घोडदळाने इंडियाना आणि ओहायोत धुमाकूळ घातला. त्यांचा तारमास्तर जॉर्ज एल्सवर्थ तारेला आपले यंत्र जोडून चाललेले संदेश ऐकत असे आणि खोटे संदेश सोडत असे. आलेली तार खरोखर पाठवणाऱ्याचीच आहे का, ही शंका त्यामुळे तारघरांत शिरली.

दक्षिणेतही असाच ताण होता. जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन यांनी १८६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेचे सेनापती शर्मन यांची रसद तोडण्यासाठी दक्षिणेचे सेनानी फॉरेस्ट यांचे घोडदळ पाठवावे, असा तगादा दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्याकडे लावला. दूरच्या आघाडीवरील सैन्य कोठे अधिक उपयोगी पडेल याचा निवाडा तुमच्या जागेवरचे बहुतेक लोक करू धजणार नाहीत, असे डेव्हिस यांनी त्यांना सुनावले. जॉर्जियातील अटलांटा शहर पडल्यावर सप्टेंबरमध्ये ब्राउन यांनी राज्याची मिलिशिया रजेवर पाठवून दिली.

साधनसामग्री. या तारांचा मोठा भाग अमेरिकन शासनाने १८८० ते १९०१ या काळात छापलेल्या दोन्ही सैन्यांच्या अधिकृत कागदपत्रांच्या १२८ ग्रंथांत आढळतो. मोहिमांच्या तारा पहिल्या मालिकेत आणि उत्तरेच्या भरतीसंबंधीचा पत्रव्यवहार तिसऱ्या मालिकेत आहे. युद्धखात्यातील तारप्रमुख थॉमस एकर्ट यांच्या संग्रहातील नोंदवह्या व संकेतपुस्तके २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात दाखल झाली. हे सारे वाचताना तारेच्या माथ्यावरची वेळ नीट पाहावी लागते. सकाळी लिहिलेली तार कित्येकदा संध्याकाळच्या तारेनंतर पोहोचे, आणि छापील ग्रंथात मात्र ती आपल्या जागी, सकाळच्याच क्रमाने, उभी असते.