खिडकीला आतून लावायचं जादा तावदान : घरी कसं करावं

बॉस्टन, सॉमरव्हिल, वूस्टरकडच्या जुन्या लाकडी घरांत राहणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

नोव्हेंबर लागला की आमच्या सुतारकामाच्या दुकानात एक तक्रार हमखास येते. "हीटर चालूच असतो, तरी सोफ्यावर बसलं की मानेला गार लागतं." सोफा कुठे ठेवलाय असं विचारलं की उत्तर ठरलेलं : खिडकीखाली.

इथली तिमजली घरं बहुतेक १८८० ते १९३० च्या दरम्यानची. वर-खाली सरकणाऱ्या झडपा, एकेरी काच आणि शंभर वर्षांत हललेली चौकट. यावरचा इथला जुना उपाय म्हणजे स्टॉर्म विंडो, म्हणजे खिडकीवर आणखी एक खिडकी. ती बाहेरून बसवतात तशी आतूनही बसवता येते. आतली, म्हणजेच आमचं तावदान (लाकडी चौकट, तिच्या दोन्ही अंगांना ताणलेली प्लास्टिक फिल्म आणि कडेने फोम), तुम्ही स्वतः करू शकता, भाड्याच्या घरातही, कारण तिला भिंतीत एकही खिळा लागत नाही.

आधी हे बघा, मग आमच्याकडे या

रात्री काचेसमोर मेणबत्ती धरा. ज्योतीची दोन प्रतिबिंबं दिसली तर काच एकेरी आहे, चार दिसली तर दुहेरी. दुहेरी काच असेल आणि फटी नसतील तर आमच्या तावदानाने फारसा फरक पडणार नाही. पैसे वाचवा.

मग बाहेर बघा. बऱ्याच घरांना ॲल्युमिनियमची स्टॉर्म विंडो आधीच असते, तीन रुळांवर सरकणारी. उन्हाळ्यात जाळी खाली आणि काच वर असते. थंडीत काच खाली ओढायची. हे कोणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे जानेवारीतही काच वरच राहते. असे दोन-तीन ग्राहक दरवर्षी माप घेऊन येतात आणि काहीही विकत न घेता परत जातात. त्या बाहेरच्या चौकटीच्या तळाशी बारीक भोकं असतात, ती पाणी निघून जाण्यासाठी असतात. ती बुजवू नका.

खिडकीत एसी अडकवलेला असेल तर तो थंडीपुरता काढा. त्याच्या बाजूच्या घडीच्या पडद्यातून जेवढी हवा येते तेवढी सगळ्या घरातल्या फटींतून येत नसेल.

त्यानंतर उदबत्ती. वारा असेल त्या दिवशी सगळं बंद करून स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा लावा आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पळाला तर तिथे फट आहे, पेन्सिलीने खूण करा. (धुराचा अलार्म लांब असू द्या. आमच्याकडे सत्यनारायणालाच वाजतो.) दोन झडपा मध्ये जिथे भेटतात ती जागा आणि झडपेच्या दोरीची चौकटीतली कप्पी ही नेहमीची ठिकाणं.

मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह योजनेतून घराची ऊर्जा-तपासणी फुकट करून मिळते, तीही करून घ्या. आणि भाडेकरूंनी एक लक्षात ठेवावं : हीटिंग घरमालकाकडे असेल तर थंडीच्या मोसमात दिवसा ६८ आणि रात्री ६४ अंश फॅरनहाइट तापमान राखणं राज्याच्या नियमाने त्याच्यावर बंधनकारक आहे. घर तेवढंही तापत नसेल तर आधी त्याच्याशी बोला, तावदान नंतर.

ऊब काचेने नाही, हवेने राहते

काच उष्णता सहज जाऊ देते. थंडी अडवते ती दोन थरांमध्ये कोंडलेली, न हलणारी हवा. आपल्याकडे थंडीत एका जाड रजईऐवजी दोन पातळ गोधड्या घेतात, त्यातलीच गोष्ट. हा थर अर्धा ते पाऊण इंचाचा असला की उत्तम. फार रुंद केला तर आतली हवा फिरायला लागते आणि फायदा वाढायचा थांबतो.

बाहेर १४ अंश फॅरनहाइट आणि खोलीत ६८ असताना एकेरी काचेची आतली बाजू साधारण २७ अंशांवर असते, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली. सकाळी काचेवर आतून बर्फाची नक्षी दिसते ती यामुळेच. आत प्लास्टिक फिल्मचा एक थर दिला की खोलीकडचा पृष्ठभाग ४८ च्या आसपास येतो, दोन थर दिले तर ५४ च्या. मानेला लागणारा गारवा कमी होतो तो इथे.

चौकट करताना

आम्ही पाइनच्या 'वन बाय टू' पट्ट्या देतो. नाव एक बाय दोन, पण भरते पाऊण बाय दीड. इथल्या लाकडाचं असंच. ही पाऊण इंचाची जाडी आपल्या सोयीची, कारण चौकटीच्या दोन्ही अंगांना फिल्म लावली की मधला थर आपोआप पाऊण इंचाचा होतो.

सगळी मेख मापात आहे. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा, उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. मग दोन्ही कर्ण. कर्ण सारखे आले नाहीत तर खिडकी काटकोनात नाही, आणि या घरांत ती बहुधा नसतेच. आमच्या स्वतःच्या घरी पहिल्या वर्षी आम्ही फक्त मधली रुंदी घेतली आणि सुबक आयत करून आणला. वरची रुंदी अर्धा इंच कमी निघाली. सुतार असून! तो आयत अजून दुकानात टांगलेला आहे, बघायला या.

खिडकी तिरकी असेल तर चौकटही तेवढीच तिरकी करायची. बाजूने लावायचा फोम अर्धा इंच जाड असतो आणि दाबल्यावर पाव इंच उरतो. म्हणून रुंदीत अर्धा आणि उंचीत अर्धा इंच कमी करून पट्ट्या कापायच्या. कोपऱ्याला लाकडाचा डिंक लावा आणि स्क्रूआधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर पाइन चिरतो. उंची तीन फुटांच्या वर असेल तर मध्ये एक आडवी पट्टी हवीच. फिल्म तापून आखडते तेव्हा लांब पट्टीला आत ओढते, आणि तिला पोट आलं की फोम सुटतो.

दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी चौकटीवर लावा. फिल्म सगळीकडून दोन इंच मोठी कापा आणि सैलसर चिकटवा, सुरकुत्यांची काळजी नको. हेअर ड्रायर कडेपासून आत फिरवत न्या, एका जागी थांबवू नका. सुरकुत्या जातात आणि बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो. तिथे थांबायचं. आणखी तापवलंत तर भोक पडतं.

खालच्या पट्टीला ओढायला नाडी लावा. पायजम्याची चालते, आम्ही तीच लावतो.

पाणी साचलं तर

मागच्या जानेवारीत एका काकूंचा फोन आला, "तुमच्या तावदानाच्या मागे पाऊस पडलाय." जाऊन पाहिलं तर स्वयंपाकघरातली खिडकी, खाली गॅस, गॅसवर कुकर. वरच्या कोपऱ्यात फोमचे दोन तुकडे एकमेकांना टेकलेच नव्हते, अंगठा जाईल एवढी फट. ६८ अंशांच्या खोलीत आर्द्रता ४० टक्के असली तरी ४३ अंशांच्या खालच्या कशावरही दव धरतं. डाळ-भात शिजताना आर्द्रता त्याच्या कितीतरी वर जाते. ती वाफ फटीतून मागे गेली आणि बाहेरच्या गार काचेवर पाणी होऊन ओघळली. फोमचा बोटभर तुकडा भरला, आठवड्यात काच कोरडी.

आतलं तावदान घट्ट आणि बाहेरचं थोडं श्वास घेणारं, हा क्रम उलटा झाला की पाणी साचणारच. कोरड्या, गार दिवशी बसवा. शिट्ट्या होताना पंखा लावा, आणि ओले कपडे खोलीत वाळत घालत असाल तर त्या खोलीचं दार बंद ठेवा.

एवढं मात्र टाळा

झोपायच्या खोलीत आगीच्या वेळी बाहेर पडायची खिडकी असते. तिथलं तावदान मुलालाही एका ओढीत काढता आलं पाहिजे. सगळ्यांनी एकदा काढून बघा. स्क्रू लावून ते कधीही पक्कं करू नका. गॅसची उपकरणं असतील तर घर घट्ट करण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे याची खात्री करा. शेगडीच्या किंवा विजेच्या हीटरच्या अगदी जवळ फिल्म नको.

१९७८ च्या आधीच्या घरात खिडकीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. तो रंग खरवडू नका, घासू नका, लहान मूल घरात असेल तर मुळीच नाही. आमचं तावदान नुसतं दाबून बसतं, चिकटपट्टी खिडकीला लागतच नाही, त्यामुळे रंग निघत नाही.

घरात मांजर असेल तर फिल्म टिकणार नाही, हे आधीच सांगतो. तिथे पाव इंचाच्या निम्म्या जाडीचं ॲक्रिलिक घ्या. ते महाग पडतं, पण वर्षानुवर्षं चालतं. अमोनिया असलेल्या द्रवाने ते पुसू नका, धुरकट होतं.

एप्रिलमध्ये तावदानं काढाल तेव्हा प्रत्येकाच्या कडेवर खिडकीचं नाव आणि वरची बाजू पेनाने लिहा, आणि ती उभी ठेवा. मापाचा तक्ता पत्रकाच्या मागे छापला आहे. तो सहा आकड्यांनी आणि दोन कर्णांनी भरून आणा, पट्ट्या समोर कापून देऊ. सप्टेंबरमध्ये आलात तर चहाही मिळेल. नोव्हेंबरमध्ये आम्हाला मान वर करायला वेळ नसतो.