गुलमर्गला जोडीने जाताय? बुकिंगआधी हे वाचा

आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात येणाऱ्या जोडप्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “सहा रात्रींत श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग सगळं बसेल ना?” बसतं. पण मग तुम्हीही बसूनच राहता, गाडीत. हिवाळ्यात तिकडे दिवस लहान, रस्त्यावर बर्फ, आणि ज्या बर्फासाठी एवढ्या लांब आलो तो काचेतून बघायचा. म्हणून आम्ही सहापैकी चार रात्री गुलमर्गला देतो आणि दोन श्रीनगरला. यात आमचा धंदा कमी होतो, गाडीचे दिवस कमी लागतात ना. तरी गेली काही वर्षं आम्ही हेच सांगतोय, कारण परत येऊन पेढे देणारी माणसं एका जागी राहिलेलीच असतात.

कधी निघायचं

मार्गशीर्षातले मुहूर्त संपले की पौषात लग्नं नसतात, आणि नवी जोडपी तेव्हाच आमच्याकडे येतात. काश्मीरमध्ये त्याच सुमाराला ‘चिल्लई कलां’ सुरू होतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची ही कडाक्याची थंडी. मग वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. नावं ऐकून वाटतं की बर्फ पहिल्या चाळीस दिवसांतच भरपूर असणार. तसं दरवर्षी होत नाही. आपला पाऊस जसा अरबी समुद्रावरून येतो, तसा त्यांचा बर्फ पश्चिमी झंझावातांबरोबर थेट भूमध्य समुद्राकडून येतो, आणि ते झंझावात आले नाहीत तर डोंगर उघडे. २०२४चा जवळजवळ अख्खा जानेवारी गुलमर्ग कोरडं होतं. २०२५मध्ये तर खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले.

बर्फाची हमी देणाऱ्या एजंटकडे जाऊ नका, आमच्याकडेही मागू नका. आम्हाला विचाराल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा. तोवर खाली बर्फाचा थर बसलेला असतो, थंडी थोडी सैल झालेली असते, आणि शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा तुम्ही घरी असता. आंब्याच्या बागा असलेल्यांनी मोहोराच्या फवारणीचं आधी बघून मग तारीख सांगावी. एका बागायतदाराने गुलमर्गच्या उतारावरून गड्याला तुडतुड्याच्या औषधाचं प्रमाण फोनवर समजावलेलं आम्ही ऐकलंय. बायको शेजारी उभी होती, चेहरा बघण्यासारखा होता.

घरचे मोठे विचारतात ते

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनला झालेल्या हल्ल्यात २६ जण गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा होते. आई-वडील, सासू-सासरे हा विषय काढणार, आणि काढावाच. आम्ही कोणाला आग्रह करत नाही. निघण्याआधीच्या आठवड्यात प्रशासनाने कोणती ठिकाणं खुली ठेवली आहेत ते बघून कार्यक्रम पक्का करतो, बंद ठिकाणी ‘ओळखीने’ नेत नाही. मन घेत नसेल तर खाली दोन पर्याय दिले आहेत.

पोचायचं कसं

रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून विमानाने श्रीनगर, हा सरळ मार्ग. श्रीनगर विमानतळावर तपासणी एकाहून जास्त ठिकाणी होते, परतीच्या दिवशी वेळ हातात ठेवूनच निघा. बर्फ पडत असेल तर विमानं रद्द होतात. म्हणून शेवटची रात्र श्रीनगरला आणि घरी पोचल्यावर एक दिवस मोकळा, एवढं आम्ही धरूनच चालतो. सोमवारी सकाळी बँकेत हजर व्हायचंय म्हणून रविवारचं परतीचं तिकीट मागू नका.

ज्यांना रेल्वे आवडते त्यांनी दिल्लीमार्गे कटरा आणि तिथून श्रीनगरची वंदे भारत धरावी. ही गाडी जून २०२५पासून धावते. वाटेत चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो, आणि तो आपल्या कोकण रेल्वे महामंडळाच्या देखरेखीखाली उभा राहिलाय, हे सहप्रवाशांना आवर्जून सांगावं. मात्र डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. वेळ असेल तरच हा मार्ग.

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. शेवटचे १३ किलोमीटर टंगमर्गपासून चढाचे. बर्फ असला की तिथे साधी गाडी थांबते आणि चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. ते भाडं आमच्या दरात धरलेलं आहे. गाडी थांबताच गमबूट आणि ओव्हरकोट भाड्याने देणारे खिडकीशी येतील. गमबूट जरूर घ्या, पूर्ण दिवसाचे किती ते आधी ठरवा. कोट घ्यायची गरज नाही, का ते पुढे येतंय.

उंचीचं गणित

आपण समुद्रसपाटीची माणसं. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, तिथे हवेतला प्राणवायू आपल्याकडच्या पाऊणपटच. पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे साध्या पातेल्यातला भात कणीदार राहतो. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका, पण त्या दिवशी धावपळ, जड जेवण आणि दारू नको. पाणी मात्र तहान नसली तरी प्यायचं. डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर खाली उतरणं हाच उपाय. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नका, काहींना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असते. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर बुकिंगआधी डॉक्टरांना विचारा.

गोंडोला म्हणजे केबल कार दोन टप्प्यांत जाते. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटर. दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर. आभाळ स्वच्छ असेल तर इकडून ८,१२६ मीटरचा नंगा पर्वत दिसतो. वर दोन-तृतीयांशाहूनही कमी प्राणवायू, म्हणून दुसरा टप्पा आम्ही तिसऱ्या दिवशी ठेवतो आणि वर अर्धा-पाऊण तासच थांबायला सांगतो. वारा वाढला की तो बंद करतात, मग कितीही हुज्जत घाला. तिकीट ऑनलाइन आणि नावानिशी असतं, ते आम्ही काढून देतो. मूळ ओळखपत्र बरोबर हवं.

स्की: पहिल्या दोन सकाळी

आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळलेली पाखाडी उतरताना आपण काय करतो? अंग मागे रेलतो आणि टाच रोवतो. लहानपणापासून पायांना हेच वळण. स्कीवर, म्हणजे बुटांना अडकवलेल्या लांब फळ्यांवर, नेमकं हेच घात करतं. मागे रेललं की वजन फळ्यांच्या शेपटीवर जातं, पुढची टोकं हलकी होतात आणि फळ्या तुम्हाला सोडून पळतात. उताराकडे झुकायचं, गुडघे वाकवायचे, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली राहिली पाहिजे. मन नको म्हणतं. पहिला तासभर सगळेच पडतात.

थांबायचं कसं हे आधी शिका, सुटायचं नंतर. फळ्यांची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब, आणि आतल्या कडांवर दाब. तिथले शिकवणारे त्याला पिझ्झा म्हणतात, आकारावरून. त्रिकोण रुंद केला की वेग कमी, अरुंद केला की जास्त. पडायची वेळ आलीच तर कुशीवर पडा. हात मागे टेकून पडलं की मनगट जातं. उठताना दोन्ही फळ्या उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला घ्या, नाहीतर उठता उठता पुन्हा घसरगुंडी.

बुटांवर घाई करू नका. भाड्याच्या दुकानात दोन-तीन जोड मागून बघा. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम लागावा आणि गुडघे वाकवले की मागे सरकावा. मोजा एकच, लोकरीचा, नडगीपर्यंतचा. दोन मोजे घातले की आत घडी पडते आणि तासाभरात फोड येतो. फळ्या नवशिक्याला हनुवटीपर्यंतच्या पुरतात. तुमचं खरं वजन दुकानदाराला सांगा, कारण पडल्यावर बूट फळीतून सुटायची कळ त्या आकड्यावर लावतात. इथे लाजून चार किलो कमी सांगण्यात काही अर्थ नाही.

शिक्षक स्वतंत्र घ्या, दोघांत एक चालेल. पण जोडीदाराने जोडीदाराला शिकवायचं नाही. ज्याला आधी जमतं तो सूचना द्यायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दोघं वेगळ्या टेबलांवर. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

दोन सकाळींत तुम्ही हलक्या उतारावरून न पडता खाली यावं, एवढीच अपेक्षा ठेवा. त्यापुढे शिकायचं असेल तर भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था गुलमर्गलाच आहे, तिथे रीतसर कोर्स असतात. दोरी बांधलेल्या हद्दीपलीकडे पाऊल टाकू नका. फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले, आणि ते काही नवशिके नव्हते. प्रवासविमा काढताना स्की त्यात धरलंय का ते वाचून घ्या, बऱ्याच साध्या पॉलिसींत नसतं.

कपडे, आणि खोबरेल तेलाची गोष्ट

अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत बाहेर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. ओलं सुती कापड वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. टंगमर्गचा ओव्हरकोट जड असतो, पाणी पितो, आणि त्यात गुडघा वाकत नाही. हातमोजे दोन जोड, कारण पहिला जोड भिजणारच. गॉगल शोभेसाठी नाही. बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळे सुजतात, आणि सनस्क्रीन न लावता दिवसभर फिरलेल्याचं नाक तीन दिवस सोलत राहतं.

खोबरेल तेलाची बाटली प्रत्येक बॅगेत असतेच. ते २४ अंशांखाली थिजतं, तिकडे तर बाटलीत दगड होतो. त्यापेक्षा आजीकडचं मुठेल न्या. कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल फुटलेल्या ओठांना आणि टाचांना लावा, सांडत नाही की गळत नाही. मोबाइलची बॅटरी थंडीत झरझर उतरते, तो आतल्या खिशात ठेवा. आणि आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड हवं.

खोली

‘हीटेड रूम’ या शब्दावर आम्ही एकदा फसलो. खोलीत हीटर होता, पण रात्री बाराला हॉटेलने जनरेटर बंद केला आणि आमची दोन जोडपी पहाटेपर्यंत कोट घालून गादीवर बसून राहिली. तेव्हापासून आम्ही तीन प्रश्न लेखी विचारतो: हीटर किती वाजेपर्यंत, इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का, आणि नळाला गरम पाणी कधी. लाकडाची बुखारी असेल तर धुराड्याचा पाइप नीट आहे ना बघा. कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, बंद खोलीत पेटती ठेवून झोपू नका, धूर दिसत नसला तरी विषारी वायू साठतो.

श्रीनगरचे दोन दिवस

ट्यूलिप मार्चअखेरीस फुलतात आणि चिनार या दिवसांत निष्पर्ण असतात. मुघल बागांचे इंटरनेटवरचे फोटो घेऊन जाऊ नका. त्याऐवजी पहाटे शिकाऱ्यातून दल सरोवरावरचा भाजीबाजार बघा, काठाला पाणी गोठलेलं असतं. जामा मशिदीतले देवदाराचे ३७८ खांब बघा. वेळ उरला तर सोनमर्ग एका दिवसात होतं, जानेवारी २०२५मध्ये तिकडचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यापासून. टंगमर्गजवळ द्रुंगचा गोठलेला धबधबा येता-जाता बघून होतो.

जेवणाची काळजी नको, काश्मिरी माणूसही भातखाऊ. सकाळी हरिसा मिळतं, रात्रभर शिजवून घोटलेलं मटण. शाकाहारींनी नदरू म्हणजे कमळाचे देठ मागावेत. आपण जशी आगोट भरतो तशी तेही हिवाळ्याआधी भाज्या आणि मासे सुकवून ठेवतात. सुक्या भाज्यांना ‘होख स्युन’ म्हणतात. भोपळा, वांगी, टोमॅटोच्या वाळलेल्या माळा दुकानात टांगलेल्या दिसतील. एखादी घरी आणा, सुकटीच्या डब्याशेजारी शोभेल.

गुलमर्ग नको असेल तर

मनालीजवळची सोलंग व्हॅली नवशिक्यांना सोपी आहे. शिवाय २०२०मध्ये सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जाता येतं. गर्दी मात्र फार. उत्तराखंडचं औली शांत आहे, समोर नंदादेवी, पण हरिद्वारहून जोशीमठापर्यंतच सुमारे पावणेतीनशे किलोमीटर घाटाचा प्रवास. जोशीमठ खचू लागल्यावर जानेवारी २०२३मध्ये तिथला रोपवे बंद झाला, त्यामुळे वरही रस्त्यानेच जायचं धरा. वेळ आणि पाठ दोन्ही मजबूत असतील तरच औली.

बुकिंगला येताना

दोघांनी या. दोघांची आधार कार्डं, आणि लग्नानंतर नाव बदलणार असाल तर तिकिटावर ओळखपत्रावरचंच नाव लागेल हे लक्षात ठेवा. दरपत्रक वेगळ्या कागदावर आहे, तारखेप्रमाणे बदलतं. जॅकेट, ट्राउझर आणि हातमोजे आमच्याकडे भाड्याने मिळतात, धुतलेले असतात. माप अंगात थर्मल घालून द्यावं लागतं, तेव्हा शक्यतो सकाळी लवकर या. दुपारी एक ते चार ऑफिस बंद असतं, आणि चारनंतर रत्नागिरीच्या उकाड्यात तीन थर चढवून उभं राहणं कोणालाच जमत नाही.